सम्राटाच्या नावातला शेवटचा ठिपका

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्यांचं नाव मनोहर हिप्परगे. हे नाव मी आज पहिल्यांदाच असं सरळ लिहितो आहे. तोंडाने तर ते कधी घेतलेलंच नाही. गावात ते 'ड्रॉइंगचे सर' होते आणि समोर असले की फक्त 'सर'.

त्यांचं नाव आधी सांगायचं कारण म्हणजे तो केक. बेंगळुरूला मारतहळ्ळीच्या आमच्या ऑफिसात त्या दुपारी केक कापला जात होता. सिंगापूरच्या क्लायंटचं कौतुकाचं मेल आलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी प्लेट हातात घेऊन स्क्रीनवरच्या एका चिनी अक्षराकडे बघत होतो. त्या अक्षराचा शेवटचा ठिपका गायब होता. अशा वेळी सरांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, तो मला आठवला.

मी निलंगा तालुक्यातला. वडील बाजार समितीत हमाली करायचे. ड्रॉइंगमध्ये मी अगदीच कच्चा होतो. मी काढलेला बैल बघून सर एकदा म्हणाले होते, "टेबल छान आलंय." पण माझं अक्षर चांगलं होतं. सरांनी मला शाळेचा फळा लिहायला लावला. मग पाट्या रंगवायला नेलं. आधी सगळी अक्षरं लिहायची, मग वरची रेघ एका दमात ओढायची, ही त्यांची पद्धत. शेवटच्या अक्षरावर कुणाची रेघ अपुरी राहिली की ते विचारायचे, "काय रे, शाई संपली का?"

बारावीनंतर त्यांनीच पेपरात वाचून शोधून काढलं की एका विद्यापीठात चिनी भाषेची पदवी मिळते. ते आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "याचा हात अक्षराचा आहे. मराठीत अक्षरं थोडी. तिकडे हजारो आहेत."

वडील म्हणाले, "हजारो? मग हा म्हातारा होईल की शिकता शिकता."

"होऊ दे," सर म्हणाले. "शिकून म्हातारा होईल."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्या पदवीवर मला बेंगळुरूत नोकरी लागली. आमची कंपनी जुनी कागदपत्रं आणि पुस्तकं डिजिटल करून देते. म्हणजे स्कॅन केलेलं पान घ्यायचं, साफ करायचं आणि त्यातला मजकूर कॉम्प्युटरला वाचता येईल असा करून द्यायचा. हे चिनी पुस्तकाचं काम माझं पहिलंच. मी प्रोबेशनवर होतो. पुढच्या आठवड्यात कन्फर्मेशन होणार होतं, म्हणजे नोकरी पक्की. ते झालं नसतं तर परत गावी जावं लागलं असतं, आणि निलंग्यात चिनी भाषेला अजून गिऱ्हाईक नाही.

आमचे मॅनेजर पुण्याचे. नाव अभिजित. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "सर-बिर नको हं डिगी, फक्त अभिजित." माझं नाव दिगंबर. त्यांनी माझं नाव एका मिनिटात कापलं, पण मला त्यांचं नाव काही घेता येईना. इतक्या मोठ्या माणसाला नुसतं नावाने कसं हाक मारणार? म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे. समोर जाऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, "एक मिनिट आहे का?"

अभिजितचा अभिमान म्हणजे 'ऑटो-हील' नावाचं सॉफ्टवेअर. जुन्या छपाईत अक्षरं तुटलेली असतात, कुठे रेघ उडालेली असते. ऑटो-हील त्या अक्षराचा पूर्ण आकार ओळखतं आणि तुटलेला भाग स्वतःच भरून काढतं. पान नव्यासारखं दिसतं. क्लायंट मिस्टर टॅन जुन्या पुस्तकांचे व्यापारी. त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं की, या जीर्णोद्धाराने पुस्तकाचं मूळ रूप झळाळून उठलं आहे. अभिजितनी ते मेल प्रिंट करून पँट्रीच्या दारावर लावलं होतं.

माझं काम सॅम्पल तपासायचं. साफ केलेलं पान आणि मूळ स्कॅन शेजारी शेजारी ठेवून बघायचं. केकच्या दिवशी मी तेच करत होतो. साफ केलेल्या पानावर 玄 हे अक्षर पूर्ण होतं. मूळ स्कॅनमध्ये मात्र त्याचा खालचा ठिपका नव्हता. पुढच्या पानावरही नव्हता. आणखी पुढे गेलो. जिथे जिथे हे अक्षर, तिथे तिथे तोच ठिपका नाही.

या अक्षराबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. उच्चार साधारण 'श्युएन'. मूळ आकृती पिळलेल्या सुताची मानतात. सूत रंगात पुन्हा पुन्हा बुडवून जो काळा येतो, तो याचा रंग. निव्वळ काळा नव्हे. आईची जुनी काळी इरकल उन्हात धरली की आतून तांबूस झाक मारते, तसा. जुन्या चिनी लोकांच्या लेखी आकाशाचा रंग हाच. पुढे जे खोल आहे, नजरेच्या पलीकडचं आहे, त्याला हे अक्षर लावू लागले. म्हणजे आपलं 'गूढ'. आणि आजच्या बोलण्यात एखाद्याने पटणार नाही असं काही सांगितलं, तर त्यालाही हेच अक्षर वापरतात. रंगाऱ्याच्या पिंपातून निघून ते असं थापेपर्यंत येऊन पोचलं आहे.

मी प्लेट घेऊन नागेशअण्णांकडे गेलो. अण्णा आमचे क्वालिटीचे प्रमुख. चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातले. तरुणपणी एका छापखान्यात प्रूफं वाचायचे. त्यांना चिनी येत नाही, पण कागदावर काय बिघडलंय ते लगेच दिसतं.

"अण्णा, हे बघा ना."

"स्वल्प थांब रे, केक खाऊ दे." मग चष्मा वर करून त्यांनी स्क्रीन पाहिली. "टाइप मोडलाय. खिळा मोडला की तोच मोडका खिळा पानोपानी फिरतो. आमच्या छापखान्यात एक 'ळ' होता, वर्षभर लंगडत होता."

"पण हे खिळ्यांचं छापलेलं नाही अण्णा. लाकडी फळीवर कोरून छापलंय. प्रत्येक पानाची फळी वेगळी. प्रत्येक अक्षर नव्याने कोरायचं."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे हा ठिपका प्रत्येक वेळी नव्याने मोडलाय?"

"आणि प्रत्येक वेळी त्याच जागी."

"मग तो मोडला नाही रे. कोरणाऱ्यानं सोडलाय." ते पुन्हा केककडे वळले. "का सोडला ते तू शोध. तूच तो चिनी शिकलेला."

मला आठवेना. पदवीच्या तीन वर्षांत आम्हाला जुनी छपाई म्हणून एक तास होता आणि त्या दिवशी लाइट गेली होती. मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. दुपारी जेवण झालं की मी तिला फोन करतोच. त्या आठवड्यात मला खोकला झाला होता.

"अजून खोकतोयस," आई म्हणाली. "औषध नुसतं घेऊन ठेवलंस का? तुझ्या रूमखाली कुंडी आहे म्हणालास ना? त्या अंगणातलीची चार पानं चाव सकाळी."

"अंगणातली म्हणजे?" मी उगीच विचारलं. मला माहीत होतं.

"चेष्टा करू नको. मंजुळा येतात ती."

माझ्या आजोबांचं नाव तुळशीराम. आईने लग्नानंतर आजवर 'तुळस' हा शब्द उच्चारलेला नाही. सासऱ्याचं नाव तोंडात येतं म्हणून. तिच्या लेखी ती 'अंगणातली'. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी अंगणातलीच. लहानपणी मला वाटायचं, आईला तो शब्दच येत नाही. एकदा मी तिला शिकवायलाही गेलो होतो. तिने मला रट्टा घातला होता.

फोन हातात धरून मी जिन्यात उभा राहिलो. आईला शब्द येत होता. ती तो सोडत होती.

जागेवर येऊन मी शोधलं आणि तासाभरात सापडलं. चीनमध्ये राज्यावर असलेल्या सम्राटाचं नाव लिहायचं नाही, असा दंडक होता. नावातलं अक्षर दुसरीकडे कुठे लागलंच, तर एक तर बदली अक्षर घ्यायचं, नाही तर शेवटची रेघ गाळायची. अक्षर ओळखू येतं, पण नाव पूर्ण होत नाही. हे न पाळणाऱ्याला शिक्षा होत असे. एका मोठ्या सम्राटाच्या नावात 玄 हे अक्षर होतं. तो गादीवर आल्यावर साऱ्या देशातल्या कोरणाऱ्यांनी त्याचा ठिपका सोडला. आपल्याकडे सुना जे घरात करतात, ते तिथे सरकारी हुकमाने चालत होतं.

पण एका अक्षरावरून निकाल देऊ नये. कितीतरी आधीच्या एका राजघराण्यातही याच अक्षराला हात लावत नसत. म्हणून मी त्या सम्राटाच्या, पुढे स्वतः सम्राट झालेल्या नातवाचं नाव घेतलं. त्यात पंचांग या अर्थाचं एक अक्षर आहे, आणि आमचं पुस्तक नेमकं ग्रहताऱ्यांवरचं होतं. पंचांगाचा शब्द त्यात जागोजागी येतो. जागोजागी तो दुसऱ्या अक्षराने लिहिलेला होता. आमच्या सॉफ्टवेअरने तिथे 'किरकोळ फरक' असा शेरा मारून ठेवला होता.

म्हणजे फळ्या कोरल्या गेल्या त्या नातवाच्या काळात किंवा त्यानंतर. आणि मिस्टर टॅन हे पुस्तक या सम्राटांच्याही आधीच्या राजघराण्याच्या काळातलं म्हणून विकणार होते. पुस्तक त्यांच्या सांगण्यापेक्षा निदान नव्वद वर्षांनी लहान होतं. त्याच्या वयाचा जो सर्वांत ठळक पुरावा पानावर होता, तो आम्ही भरून टाकला होता. टाळ्या वाजल्या होत्या त्या त्यालाच.

मी अभिजितच्या केबिनसमोर जाऊन उभा राहिलो.

"एक मिनिट आहे का?"

"बोल डिगी. केक घेतलास ना?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे, हे मी आजही म्हणेन.

"म्हणजे आपण जे दुरुस्त केलं, ते बिघडलेलं नव्हतंच?"

"नाही."

"मग ते बिघडलेलं का दिसत होतं?"

"तो आदर होता."

अभिजित खुर्चीत मागे रेलले. "आदराचं फील्ड आपल्या टूलमध्ये नाहीये रे."

"पण क्लायंटला कळवायला हवं ना? एक विद्यापीठ ते पुस्तक लायब्ररीसाठी घेतंय. आपली पानं बघून घेतंय."

"हे बघ. क्लायंट चिडलेला असेल तर आपण त्याला कळवतो. खूश क्लायंटला कळवायची प्रोसेस नाहीये आपल्याकडे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुझं कन्फर्मेशन पुढच्या आठवड्यात आहे ना? धमकी देत नाहीये हां मी. नुसतं कॅलेंडर सांगतोय."

"त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगू का?"

"विचारलं तर खोटं बोल, असं मी कधी म्हणणार नाही. पण विचारतंय कोण?"

बाहेर अण्णा वाट बघत होते. मी सांगितल्यावर म्हणाले, "छापखान्यात मालक खूश आहे का बघून आम्ही चुका काढत नव्हतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण माझी नोकरी पक्की आहे बाबा. तुझी नाही. तेही बघ. सरी?"

"सरी," मी म्हणालो, म्हणजे कानडीत 'ठीक'. पण मला काहीच सरी वाटत नव्हतं.

मिस्टर टॅननी विचारलं. दोन दिवसांनी कॉल होता. अभिजित माझ्या शेजारी बसले होते. मिस्टर टॅन अतिशय सभ्य गृहस्थ, बोलणंही मऊ. म्हणाले, कॅटलॉगमध्ये तुमच्या भाषातज्ज्ञाचं एक छोटं निवेदन छापायचं आहे. साफसफाई करताना अक्षरांत काहीही बदल केलेला नाही, एवढंच. खाली सही. भाषातज्ज्ञ म्हणजे मी. अख्ख्या कंपनीत चिनी वाचू शकणारा मी एकटाच होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तज्ज्ञ म्हटलं होतं आणि ते असं.

अभिजितनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थोपटल्यासारखा की दाबल्यासारखा, ते मला नीट कळलं नाही.

घरचे डोळ्यांसमोर आले. वडील बाजारात सगळ्यांना सांगत सुटले होते की पोरगा परदेशी अक्षरांचा साहेब झाला. मग मी इंग्रजीत म्हणालो, "माफ करा, मला सही करता येणार नाही. एका अक्षरात बदल झाला आहे." आणि ठिपक्याचं सांगितलं. पंचांगाचंही सांगितलं.

मग मिस्टर टॅन एकदम चिनीत बोलू लागले, फक्त माझ्याशी. "तरुण मित्रा, इतकं बारीक आता कोण बघतं?"

मी चिनीत म्हणालो, "आम्ही बघितलं."

ते हलकेच हसले. "तुमचं म्हणणं फार श्युएन आहे." म्हणजे पटण्यासारखं नाही. आमचंच अक्षर. बोलताना ठिपका दिसत नाही, पण त्यांनी तो पूर्ण लावून उच्चारला असणार, असं मला वाटलं.

अभिजितनी घाईने म्यूट केलं. "काय म्हणाले? खूश आहेत?"

"गूढ वाटतंय म्हणाले."

"मग चांगलंय ना!"

"नाही," मी म्हणालो. "चांगलं नाही."

मिस्टर टॅनना पुस्तकाचं खरं वय आधीपासून माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी आभार मानले आणि कॉल संपला. अभिजितनी लॅपटॉप मिटला. मग उठून म्हणाले, "मूळ स्कॅन पाठवून दे त्यांना. सगळे. आणि खाली लिही की अक्षर आपल्या टूलने भरलंय. माझं नाव घाल." दारापाशी थांबून म्हणाले, "आपण 'विचारलं तर' असं म्हटलं होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलंच."

सोमवारी मिस्टर टॅनचं मेल आलं. वेगळ्या दिशेने जाण्याचं ठरवलं आहे, शुभेच्छा. प्रोजेक्ट बंद झालं. पँट्रीच्या दारावरचं जुनं मेल मात्र कुणी काढलं नाही.

आमच्या टीमला होसकोटेच्या एका गोदामाची जुनी चलनं स्कॅन करायला दिली. तिथे ऑटो-हील फार छान चालतं. चलनांमध्ये कुणी कुणाचा आदर राखलेला नसतो.

आणि शुक्रवारी एचआरने मला बोलावलं. मी सकाळीच बॅग भरायची कशी याचा विचार करून आलो होतो. त्यांनी हसून हातात पाकीट दिलं. कन्फर्मेशन झालं होतं. सोबत त्या तिमाहीतल्या उत्तम कामाचं प्रशस्तिपत्रही होतं. माझं मूल्यमापन प्रोजेक्ट बंद व्हायच्या आधीच सिस्टीममध्ये भरून झालं होतं, आणि त्याला पुरावा म्हणून मिस्टर टॅनचं पहिलं मेल जोडलं होतं. प्रशस्तिपत्रावर लिहिलं होतं: एका दुर्मीळ ग्रंथातील खंडित अक्षरे पूर्ववत केल्याबद्दल.

"हे चुकीचं आहे," मी एचआरच्या बाईंना म्हणालो. "ते खंडित नव्हतं."

"सिस्टीममध्ये आता बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "काँग्रॅच्युलेशन्स."

पुन्हा केक आला. अण्णांनी माझ्या प्लेटमध्ये मोठा तुकडा घातला. "खा रे. ज्या चुकीबद्दल बक्षीस मिळतं, ती छापखान्यात आम्ही फ्रेम करून लावत होतो."

या धंद्यात मी एवढंच शिकलो: अपुरं काही दिसलं की भरायच्या आधी विचारावं, ते कुणी आणि कुणासाठी सोडलंय. मात्र बक्षीस भरणाऱ्याला मिळतं. तेही मी कपाटात जपून ठेवलं आहे. वडिलांना त्याचा फोटो पाठवला, त्यांनी तो बाजारात सगळ्यांना दाखवला.

अभिजितना मी अजून नावाने हाक मारत नाही. पण आता त्यामागे काय आहे ते मला माहीत आहे.

त्या रविवारी मी सरांना पत्र लिहिलं. सर मोबाइलवर पत्र वाचत नाहीत. ते असं:

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी पक्की झाली. कशामुळे झाली ते भेटल्यावर सांगेन, तुम्ही हसाल. तुम्ही बाबांना म्हणाला होता, याचा हात अक्षराचा आहे. इथे हाताने लिहायचं काम नाही, सगळं मशीन करतं. पण एका अक्षरात काय नाही, ते बघायला तुम्हीच शिकवलेली नजर लागली. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही आम्हाला रेघ पूर्ण करायला शिकवत होता. आता वाटतं, तुम्ही आधी विचारायला शिकवत होता. तुम्ही कधी रागावला नाहीत. नेहमी आधी विचारलंत.

इथे मी एक जुनी रीत शिकलो. थोर माणसाचं नाव लिहायचंच झालं, तर शेवटची रेघ सोडायची. आमच्या आईला ती न शिकताच येत होती. पोस्टमनकाकांसाठी पाकिटावर तुमचं नाव लिहिणं भाग होतं, ते लिहिलं. पण शेवटच्या 'गे'वर रेघ ओढलेली नाही.

शाई संपलेली नाही, सर.

आपला विद्यार्थी,
दिगंबर